कांदिवलीच्या बाजूनं एक मत

वलसाडला जायचं की नाही, हे ठरवायला आमच्या घराला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत कुणी धड अभ्यास केला नाही आणि कुणी वेळेवर झोपलं नाही. आईनं दोनदा भातात मीठ घालायचं विसरून तो तसाच वाढला आणि आम्ही तो तसाच खाल्ला, कारण बोलण्याच्या नादात कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढे आयुष्यात मी बरेच निर्णय घेतले, त्यांतले काही शहाणपणाचेही होते. पण तसा गमतीचा निर्णय पुन्हा वाट्याला आला नाही.

आम्ही कांदिवलीला एका बैठ्या चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची एक खोली, पुढे चार फुटांची पडवी. खोलीत अण्णा, आई, मी, माझ्या पाठची रंजू आणि पाच वर्षांची मिनी. पडवीत बाळकाका, अण्णांचा धाकटा भाऊ. पावसाळ्यात पडवी भिजली की काका आत यायचा आणि मग मिनीला कपाटाच्या खालच्या फळीवर झोपवायचे. ती तिथं खुशाल झोपायची. उलट पाऊस थांबला की तीच रडायची. चाळीच्या मागे तबेला होता आणि त्यापलीकडे गावठाणातल्या लोकांच्या भाजीच्या वाड्या. पहाटे म्हशींच्या साखळ्या वाजायला लागल्या की आई उठायची, कारण खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीत, साडीच्या पडद्याआड, तिला आंघोळ करायला तेवढाच वेळ मिळायचा. आम्ही डोळे मिटून पडून असायचो. तांब्या बालदीला लागू नये म्हणून ती किती जपायची, ते मला त्या आवाजाच्या नसण्यावरून कळायचं.

घरातली खरी अडचण होती ती बाळकाकाचं लग्न. काका म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षक होता आणि त्याचं विमलशी तीन वर्षांपासून ठरलेलं होतं. विमल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती, स्टेशनजवळच्या चाळीत आईवडिलांपाशी राहायची, आणि बोलायला फटकळ होती. एकदा चहा पिता पिता तिनं आईला सरळ सांगितलं, "वहिनी, मी स्पष्ट सांगते, राग नका मानू. मला तुम्ही सगळी आवडता. पण लग्न करून मी मोरीपाशी सातवी म्हणून झोपणार नाही." आईला राग आला नाही. ती म्हणाली, "मी तरी कुठे हौसेनं झोपते गं?" आणि दोघी इतक्या हसल्या की चहा सांडला. तरी लग्न काही पुढे सरकेना. काका आणि अण्णा रविवारी रविवारी जागा बघत हिंडायचे. बोरिवलीला, दहिसरला, एकदा तर पार विक्रोळीपर्यंत जाऊन आले. परत आले की दोघं पडवीत बसून पायांना तेल चोळायचे आणि काय भाव सांगितला ते आईनं विचारू नये म्हणून दुसरंच काहीतरी बोलायचे.

अशा वेळी नटूभाई जेवायला आले. अण्णा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, आणि नटूभाई तिथंच शेजारच्या केसवर, म्हणजे खिळ्यांच्या पेटीवर, गुजराती अक्षरांचे खिळे जुळवायचे. बारा वर्षं दोघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं. मग नटूभाई आपल्या गावी, वलसाडला, परत गेले आणि त्यांनी स्वतःचा छोटा छापखाना काढला. आता त्यांना मराठी आणि गुजराती दोन्ही सांभाळणारा फोरमन हवा होता. आईनं केलेली अळूवडी खात ते म्हणाले, "तू ये ना. घर हाय. आमच्या मामाचा घर हाय, रिकामा, खाली पडलाय. चार खोली, मागे आंबा, चिकू, नळ आपला, बाथरूम आपला. भाडा तू इथे ह्या डब्याचा देतोस, तेवढाच." त्यांनी हातानं आमच्या खोलीभोवती एक वर्तुळ काढलं. डबा या शब्दाचा कुणालाच राग आला नाही. आईच्या हातातला झारा मात्र कढईवर तसाच थांबला. "बाथरूमला दार आहे?" तिनं विचारलं. नटूभाई म्हणाले, "दार हाय, कडी पण हाय."

ते गेल्यावर अण्णांनी काकाच्या खिशातला खडू मागून घेतला. नटूभाईंनी सांगितलेल्या घराचा नकाशा ते आमच्या फरशीवर काढायला बसले. चार खोल्या, ओटा, स्वयंपाकघर, मागचं अंगण, सगळं त्या दहा बाय बारात बसवलं. ते घर इतकं बारीक झालं होतं की एका खोलीत एक माणूस जेमतेम उभं राहील. आम्ही सगळे त्यात शिरलो. रंजू मधल्या खोलीत उभी राहून म्हणाली, ही माझी. मी म्हटलं, मग मी कुठे? आई स्वयंपाकघरातून ओरडली, म्हणजे मोरीपाशी खडूनं काढलेल्या चौकोनातून, "भावजी, सरका, माझ्या देवघरावर उभे आहात." काका घाबरून सरकला तो थेट आंब्याच्या झाडावर. मिनी सगळ्या भिंतींतून आरपार पळत होती आणि अण्णा तिला गंभीरपणे सांगत होते, "दारातनं जा, मिने, दारातनं." तो नकाशा आई पुसू देईना. चार दिवस आम्ही त्यावरच जेवलो, झोपलो आणि एकमेकांना वाट विचारत फिरलो.

पण अण्णांचा एक खांदा आड येत होता. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मोर्चात त्यांनी डाव्या खांद्यावर लाठी खाल्ली होती, आणि चाळीत त्या खांद्याला मान होता. थंडीत तो दुखायला लागला की शेजारचे सावंतमामा स्वतः शेकायला विटेचा तुकडा तापवून आणत. वलसाडची बातमी कळली तसे तेच सावंतमामा पडवीत येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "अरे, तू गुजरातेक जातलस? मगे ती लाठी कित्याक खाल्लस?" अण्णा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते म्हणाले, "मुंबई मिळाली ना मामा. मुंबईत जागा मिळायची तेवढी राहिली." सावंतमामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ताय खरा." नंतर ते चाळभर हेच वाक्य आपलं म्हणून सांगत फिरले. त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी छापखान्यात अण्णांच्या त्या खांद्याला तेल चोळलं होतं ते नटूभाईंनीच, आणि चोळता चोळता विचारलं होतं, "मुंबई तुमची झाली तर आमच्या चहाचं काय?"

मग घरात गुजरातीचे वर्ग सुरू झाले. अण्णा म्हणाले, अवघड काही नाही, अक्षरांच्या डोक्यावरची रेघ काढली की अर्धी गुजराती आली. बाकीची अर्धी ते जेवताना शिकवायचे. आईला 'केम छो' म्हणताना हसू आवरायचं नाही. ती 'केम' म्हणायची आणि 'छो'पर्यंत पोचायचीच नाही. रंजूनं उत्साहात शाळेच्या वहीतही रेघा द्यायचं सोडून दिलं. बाईंनी तिला उभं केलं आणि विचारलं, "रेघा कुठे गेल्या तुझ्या?" ती म्हणाली, "बाई, आम्ही गुजरातला चाललोय, त्या इथंच ठेवायच्या आहेत." गावठाणातल्या फिलोमिनामावशी आमच्याकडे भाजी घेऊन यायच्या, डोक्यावरची पाटी उतरवता उतरवता त्यांनी आईला एकच प्रश्न विचारला, "तिकडे बोंबील भेटतात काय?" समुद्र आहे म्हणजे भेटत असणार, असं आईनं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग जा तू. बोंबील भेटला की माणूस कुठे पण राहतो."

आम्ही पाच जण गेलो की कांदिवलीची खोली काकाला आणि विमलला मोकळी होणार होती. तरी बाळकाका एकटा विरुद्ध होता, आणि तो मनापासून विरुद्ध होता. "माझ्या लग्नासाठी दादा-वहिनींनी घर सोडायचं? लोक काय म्हणतील? मी ब्रह्मचारी राहीन." हे तो इतक्या जोरात म्हणायचा की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी "झकास" म्हणून ओरडायचं. विमल मात्र गप्प होती. ती गप्प आहे हे पाहून आम्हाला जरा भीती वाटायची.

शेवटी आईनंच तोडगा काढला. न बघता कशाला बोलायचं, म्हणाली. आधी घर बघू. एका रविवारी सकाळी आम्ही सात माणसं, विमलसकट, बोरिवलीहून गाडीत बसून वलसाडला गेलो. आईनं बरोबर एवढे धपाटे घेतले होते की डब्यातल्या अनोळखी बायकांनीही खाल्ले. महाराष्ट्र कधी संपला ते बघायला रंजू आणि मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. काहीच दिसलं नाही. तीच शेतं, तीच ताडाची झाडं. अण्णा म्हणाले, "संपला वाटतं," आणि खांदा चोळला. मग सगळे हसले तसे तेही हसले.

घर खरंच चार खोल्यांचं होतं. कौलारू, पुढे ओटा, आणि आत शिरल्यावर एक गार, बंद पडलेला वास. नटूभाईंनी खिडक्या उघडल्या. आम्ही मुली धावलो, आणि धावल्यावर लगेच थांबायला लागत नाही हे कळून पुन्हा धावलो. मी सगळ्यात मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आत काहीही नव्हतं, भिंतीत एक कोनाडा तेवढा. मी त्या खोलीच्या मध्यभागी उभी राहिले. मला चौदा वर्षं झाली होती आणि बंद दाराच्या आत एकटी अशी मी पहिल्यांदाच उभी होते. काय करावं ते सुचेना, म्हणून मी एक गिरकी घेतली. मग आणखी एक. आता ज्या घरात राहते तिथं मी दिवसदिवस एकटीच असते, दारं सताड उघडी ठेवते, आणि तरी ती गिरकी आठवली की चक्कर आल्यासारखं होतं.

इकडे आई बाथरूम बघत होती. दार लावून बघितलं, उघडून बघितलं, पुन्हा लावलं. मग बाहेर येऊन तिनं नटूभाईंच्या बायकोला, सरलाबेनना, हळूच काहीतरी विचारलं. सरलाबेन घरी जाऊन पंचा आणि साबण घेऊन आल्या. दुपारचा एक वाजला होता. आई आत गेली, आतून कडी लागली आणि नळ सुरू झाला. आम्ही ओट्यावर बसलो. पाव तास झाला, अर्धा तास झाला. आतून गाण्याचा आवाज यायला लागला. आई गाते हे मला माहीत नव्हतं. अण्णांना माहीत असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत बसले. सरलाबेनच्या घरी पुऱ्या तळून गार झाल्या. नटूभाई काळजीत पडले, "भाभीने ठीक तो छे ने?" विमल म्हणाली, "कुणी दार वाजवलं तर माझ्याशी गाठ आहे." तासाभरानं आई बाहेर आली. बोटांना सुरकुत्या पडलेल्या, चेहरा गुलाबी, केसांतून पाणी गळतंय. सगळे तिच्याकडे बघत राहिले. ती जराशी लाजली आणि म्हणाली, "एक आंघोळ झाली. मग वाटलं, आणखी एक करावी."

परतीच्या गाडीत कुणी जायचं-राहायचं हा विषय काढला नाही. मला वाटलं, ठरलं. पण घरी पोचल्यावर काकानं पुन्हा ब्रह्मचर्य काढलं, आणि माझाही एक प्रश्न उरलाच होता. वलसाडला मला गुजराती शाळेत घालावं लागणार होतं, आणि तसं झालं तर एक वर्ष मागे बसावं लागेल, असं नटूभाई म्हणाले होते. अण्णांनी मला जवळ बसवून विचारलं, "पुष्पे, तुला चालेल?" मी म्हटलं, विचार करते. अण्णा म्हणाले, "कर. सगळेच करू. शनिवारी मतदान घेऊ." मला वाटलं चेष्टा करतायत.

शनिवारी संध्याकाळी अण्णा छापखान्यातून आले ते छापलेल्या चिठ्ठ्या घेऊनच. व्यवस्थित चौकट, आत दोन शब्द, 'जावे' आणि 'न जावे', पुढे फुली मारायला एकेक चौकोन. शाई ओली होती. अण्णांनी साखरेचा रिकामा डबा मधे ठेवला आणि सांगितलं की मत गुप्त आहे, एकेकानं पडवीत जाऊन फुली मारायची. विमल म्हणाली, "मला कशाला चिठ्ठी? मी अजून तुमच्या घरची नाही." आई म्हणाली, "घे गं. तुझ्यापायीच तर घर उठलंय." मिनीलाही हवी होती, तिलाही दिली. मी पडवीत पेन्सिल हातात धरून बराच वेळ उभी होते. शाळा डोळ्यांपुढे आली, मैत्रिणी आल्या, मागचा बाक आला. आणि मग तो कोनाडा आला. मी 'जावे'वर फुली मारली, आणि ती इतकी दाबून मारली की कागद फाटला.

काका मोजायला बसला, शाळेत परीक्षेचे पेपर मोजतात तसा. एक चिठ्ठी बाद, कारण मिनीनं दोन्हीकडे फुल्या मारून वर एक मांजर काढलं होतं. उरलेल्या सहांत 'जावे' पाच आणि 'न जावे' एक. सगळ्यांनी काकाकडे बघितलं. काका म्हणाला, "बघा, मी आधीच सांगितलं होतं. माझ्या मताला काही किंमत नाही, ठीक आहे." तो इतका दुःखी दिसला की आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात रंजूनं ती 'न जावे'ची चिठ्ठी उचलून दिव्याकडे धरली. कोपऱ्यात अंगठ्याचा काळा ठसा होता, स्पष्ट, रेषा मोजता याव्यात असा. तिनं तो बघितला, मग अण्णांच्या हाताकडे बघितलं. अण्णांनी हात पाठीमागे घेतला.

क्षणभर कुणाला उलगडलंच नाही. मग विमलला उलगडलं. "म्हणजे बाळ," ती हळूहळू म्हणाली, "तू जावेवर फुली मारलीस?" काकाचे कान लाल झाले. "मी म्हटलं, एकाच मतानं काय होतंय," असं काहीतरी तो पुटपुटला आणि आई जी हसायला लागली ती भिंतीला टेकली. विमल हसत नव्हती, ती काकाकडे टक लावून बघत होती आणि म्हणाली, "तीन वर्षांत पहिल्यांदा खरं बोललास, तेसुद्धा गुप्त मतदानात." मग तीही हसली. मिनी, सगळे हसतायत म्हणून, कपाटाच्या फळीवर चढून नाचायला लागली. पलीकडून सावंतमामांनी विचारलं, "काय झाला रे?" आणि सगळे आणखीच हसायला लागले.

हसणं ओसरल्यावर आईनं अण्णांना विचारलं, "अहो, पण तुम्ही? तुम्हीच तर नकाशा काढलात." अण्णा त्या काळ्या अंगठ्याकडे बघत होते. म्हणाले, "जायचंच आहे गं. मला ठाऊक होतं, जायचंच ठरणार. पण इतकी वर्षं इथं काढली. म्हटलं, एक मत तरी कांदिवलीच्या बाजूनं पडायला हवं." आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. पदराच्या टोकानं त्यांचा अंगठा पुसत राहिली. शाई काही निघाली नाही, पदर तेवढा काळा झाला.

पुढचं सगळं भराभर झालं. महिन्याभरात चाळीच्या अंगणात लग्न लागलं. फिलोमिनामावशींनी वाडीतली केळीची पानं दिली, तबेल्यातून दूध आलं, आणि लग्नपत्रिकेचे खिळे अण्णांनी स्वतः जुळवले. लग्नानंतर दोन दिवसांनी आमचा ट्रक यायचा होता, तो बिघडला आणि आठ दिवसांनी आला. त्यामुळे तीन वर्षं ज्या गोष्टीला विमल नाही म्हणत होती तीच तिच्या वाट्याला आली. आठ दिवस ती मोरीपाशी, आईच्या आणि माझ्या मधे, सातवी म्हणून झोपली आणि आम्हाला एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगून इतकं हसवायची की पडवीतून काका विचारायचा, मला कुणी सांगेल का. ट्रक आला त्या सकाळी सगळ्यांत जास्त तीच रडली.

मी वर्षभर मागे बसले. गुजराती मला आली, हिशेब आजही मी गुजरातीत करते, आणि कांदिवलीच्या मैत्रिणी दोन पत्रांनंतर सुटल्या. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. अण्णांना पगार थोडा कमी आणि काम थोडं जास्त झालं. पण ते दुपारी घरी जेवायला यायचे, आणि आई नाही नाही म्हणत सरलाबेनच्या भजनी मंडळात गायला लागली.

आम्हाला तिथं जाऊन दोन महिने झाले असतील, तेव्हा विमलकाकूचं पहिलं पत्र आलं. आम्ही सगळे ओट्यावर बसलो आणि अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. सावंतमामांची तब्येत, काकाची शाळा, नळाला कमी झालेलं पाणी, सगळं होतं. शेवटी तिनं लिहिलं होतं, "वहिनी, एक सांगते, हसू नका. तुम्ही गेल्यापासून ही खोली फार मोठी वाटते. दोन माणसांनी एवढ्या जागेत करायचं काय? बोललं की आवाज घुमतो. मला करमत नाही."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "मोठी," ते म्हणाले. आई हसायला लागली. खूप वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "लिहा तिला, दिवाळीला येतोय. पाचही जणं."